आधी कपाट

किल्ली हलत होती. लोखंडी कपाटाच्या दाराला लटकलेली, अंगठ्याएवढी, तिच्यात ओवलेल्या दोऱ्याचा रंग कधीच उडून गेलेला — आणि ती हलत होती, म्हणजे गाण्यातला बेस खरा होता. हेडफोन-बिडफोन सगळे थापा मारतात, ही किल्ली मारत नाही. परीक्षण लिहायला नवा रॅप अल्बम आला की ती स्पीकर जमिनीवर ठेवायची, कपाटासमोरच्या भिंतीला पाठ टेकून बसायची आणि किल्लीकडे बघत ऐकायची. किल्ली थरथरली तर पुढचं ऐकायचं, नाही तर त्या रॅपरचं काही खरं नाही. वाचक तिला कसाईबाई म्हणत आणि तिला ते आवडायचं. मागे एका पोराने तुरुंगात काढलेल्या दिवसांवर अख्खी मिक्सटेप काढली होती, तेव्हा तिने हुडकून काढलं की या गड्याने तुरुंग पाहिलाय तो फक्त बसच्या खिडकीतून. त्याला तिने दहापैकी एक गुण दिला आणि लिहिलं, 'या पोराच्या आवाजात जेवढं रक्त आहे त्याहून जास्त दात घासताना माझ्या हिरड्यांतून येतं.' पोराचे ठरलेले कार्यक्रम रद्द झाले. तिला त्या रात्री छान झोप लागली होती.

नियम एकच होता तिचा. शिव्या दे, बढाया मार, गाण्यात चार मुडदे पाड, सगळं चालेल. पण जे आपल्यावर गुदरलं नाही ते 'मी' म्हणून सांगायचं नाही. जखम उसनी आणायची नाही.

आज किल्ली हलत होती ती घुम्याच्या अल्बमवर, आणि घुम्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. लहानपणी दिवसदिवस तोंड उघडायचा नाही म्हणून आई त्याला घुम्या म्हणायची. आता तेच नाव लावून तो माईकसमोर उभा राहिला होता, आणि हे नातं संपादकाला ठाऊक नव्हतं. त्याचा निरोप सकाळीच येऊन पडला होता — घुम्याचे गुण संध्याकाळपर्यंत पाठव, सगळे तुझ्याकडे डोळे लावून बसलेत. पहिलाच अल्बम. तिने आठ म्हटलं तर पोरगं मार्गी लागणार, तिने दोन म्हटलं तर त्याला कुणी दारात उभं करणार नाही. खरं तर तिने सरळ कळवून टाकायला हवं होतं की हा माझा भाऊ, दुसऱ्या कुणाला तरी द्या. पण आधी ऐकू तर दे, असं म्हणत ती बसली. आणि पहिली चार-पाच गाणी ऐकता ऐकता तिच्या छातीत काहीतरी फुलायला लागलं, ते इतक्या वर्षांत कुणाविषयी वाटलं नव्हतं. कौतुक. चक्क कौतुक.

मग शेवटून दुसरं गाणं लागलं.

ढण्ण... लोखंडावर चामडं. त्यामागून बारीक किणकिण. मग काहीच नाही — नुसता एक सूं असा आवाज, लांबवर पाणी पडत असल्यासारखा — आणि मग दुसरा ठोका, ओला, मऊ. पुन्हा ढण्ण. आधी स्पीकरमधली किल्ली वाजली आणि तिच्या मागोमाग समोरची हलली, तीच, एकच, दोन्हीकडे... आणि शब्द सुरू व्हायच्या आत तिची पाठ भिंतीपासून सुटून पुढे वाकली होती, दोन्ही हात डोक्यावर गेले होते, हनुवटी गुडघ्यांत. आपण असं का बसलोय हे तिला नंतर कळलं.

म्हणजे त्या दिवशी... घुम्या आजारी बाबांना बघायला तिच्या घरी आला होता, दोनेक महिन्यांपूर्वी. कधी न येणारा, फळं घेऊन. ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती आणि या खोलीतून ढण्ण आवाज आला, आणि उकळता चहा तिच्या पावलावर. धावत आली तर हा कपाटापाशी उभा. 'काही नाही गं, हात लागला चुकून.' पायाला लोणी लावून दिलं होतं त्याने, फुंकर घालत बसला होता. मेल्या, खिशात रेकॉर्डिंगचं यंत्र चालू ठेवून फुंकर घालत होतास.

बाबा बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचे. लग्न असो, मिरवणूक असो, दुकानाचं उद्घाटन असो, त्यांच्या हाताइतका साफ हात दुसरा नाही असं सगळे म्हणायचे, आणि घरातसुद्धा तो हात कधी ताल सोडून पडला नाही. दूध उतू गेलं, उलट उत्तर दिलं, हसताना दात दिसले... कारण कुठलंही चालायचं. ते गणवेशाचा रुंद पट्टा काढायचे आणि आधी कपाटावर मारायचे. मग थांबायचे. मग पाठीवर. पुन्हा कपाट, पुन्हा थांबणं. पाठीवरचं काही एवढं नव्हतं, खरंच, पाठ बधिर होते. पण ते मधलं थांबणं — त्यात किल्ली हलत असायची आणि ती किल्लीकडे बघत असायची, की ही थांबली की येणार, आता थांबेल, आता... आई स्वयंपाकघरात नळ सोडून ठेवायची, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून. आणि घुम्या दाराबाहेर. त्याला बाबांनी कधी बोट लावलं नाही. पोराचे हात म्हणजे वाजवायचे हात, जपायला पाहिजेत.

आणि आता तो गात होता, दबक्या आवाजात, दात न उघडता:

'आधी कपाट, मग माझी पाठ,
आईने सोडलाय नळ, पाणी काठोकाठ...'

माझी?

तिचं डोकं सणकलं. तो आत्ता समोर असता तर हाच स्पीकर उचलून त्याच्या तोंडावर घातला असता, दात घशात जाईपर्यंत, मग म्हण म्हणावं माझी. तुझी कशी रे? माझी आहे ती. मी अजून पालथी झोपते. कुणी मागून हाक मारली की माझे खांदे वर जातात, ते घालवायला मी काय काय केलं... नवरा दोन वर्षांत कंटाळून गेला, तुला हात लावायचा तरी कुठे म्हणाला. आयुष्यात एवढी एकच गोष्ट कुणाशी वाटून न घेता माझी होती, आणि ती तू दारातून उचलून नेलीस.

वाईट हे की गाणं जबरदस्त होतं. ती एवढी संतापलेली असताना तिच्यातली कसाईबाई आत शांतपणे बसून नऊ गुण देऊन मोकळी झाली होती. फक्त ठेक्यात कुठेतरी काहीतरी खटकत होतं, काय ते सापडत नव्हतं.

तिने फोन लावला.

"ऐकलंस, ताई?"

"ऐकलं. मार कुणी खाल्ला रे?"



"तू," तो म्हणाला.

"मग माझी पाठ कुठून आणलीस? त्या तुरुंगवाल्याचं मी काय केलं ते वाचलंस ना?"

"वाचलं. आधी मी 'तिची'च लिहिलं होतं गं. पण 'तिची' म्हटलं की मी दाराबाहेरच उभा राहतो. कितीदा रेकॉर्ड केलं, तरी बाहेरच. 'माझी' म्हटलं तेव्हा कुठे आत आलो."

"आलास हो आत. एवढ्या वर्षांनी, माईक घेऊन."

"काढून टाकू? तू म्हणशील तर आत्ता काढतो."

तो खरंच काढेल, हे तिला आवाजावरून कळलं. एक शब्द बोलायचा अवकाश, की ते गाणं नव्हतंच. आणि मग पुन्हा त्या घरात काही घडलेलंच नव्हतं, आईचा नळ चालू आणि शेजारी सगळे निवांत. तोंडाशी आलेलं 'काढ' तिला बाहेर टाकता येईना, आणि 'राहू दे'ही म्हणवेना.

"गुण संध्याकाळी कळतील," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पलीकडच्या खोलीत बाबा उठले होते. झटका आल्यापासून त्यांची उजवी बाजू गेली होती, तोंड थोडं वाकडं झालं होतं, आणि घुम्याने 'मला नाही जमणार' म्हणून हात वर केल्यावर ते तिच्याकडे आले होते, गणवेश आणि कपाटासकट. रोज ती त्यांची दाढी त्यांच्या पलंगावरच करायची. आज तिने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून इकडे आणलं, कपाटासमोर. गळ्याशी टॉवेल खोचला, गालांना फेस लावला, आणि शेवटून दुसरं गाणं लावलं.

ढण्ण.

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. रेझर गालावरून खाली येत होता, जबड्याच्या कडेवरून गळ्यावर, जिथे कातडी सैल झाली आहे आणि खाली नस उडताना दिसते... इथे जरासं दाबलं तर. एवढंसं. कुणी काही म्हणणार नाही, म्हाताऱ्या माणसाची मान हलली, बस. फेसात एक लाल ठिपका उमटला आणि पसरला, आणि तिला धक्का बसला तो त्या ठिपक्याचा नाही, आपल्याला किती बरं वाटलं त्याचा. बाबांना पत्ताच नव्हता. त्यांच्या डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरत होतं.

"घाई करतोय," ते म्हणाले.

"कोण?"

"वाजवणारा." अर्धे ओठ हलत होते, पण शब्द स्पष्ट होते. "मधे थांबत नाही नीट. अजून थांबायला पाहिजे."

तिचा हात जागच्या जागी राहिला. बरोबर होतं. सकाळपासून खटकत होतं ते हेच. घुम्या बाहेर होता ना, दाराआडून त्याला ते थांबणं छोटं ऐकू आलं असणार. ते किती लांब होतं हे दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते दोघे आत्ता या खोलीत होते. ऐकायला मला यांनीच शिकवलं की... चूक पकडणारा हा कान कुणाचा आहे, गुण देणारा हा हात कुणाचा आहे.

"बाबा, हे काय वाजतंय कळलं का?"

त्यांनी मान वर करून समोर पाहिलं.

"कपाट," ते म्हणाले. एखाद्याने वाद्याचं नाव सांगावं तसं.

एवढंच. डोळ्यांत ना लाज, ना भीती, ना काही आठवल्याची खूण. तिने गाणं बंद केलं. टॉवेलने त्यांचा गळा पुसला, रेझर पाण्यात टाकला. टेबलावर पडद्यावर घुम्याचं नाव आणि त्यापुढची गुणांची रिकामी चौकट तशीच उघडी होती. तिने ती पाहिली आणि कपाट उघडलं. गणवेश खुंटीवर होता. पट्टा त्याच्याच गळ्यात अडकवलेला, अजून मऊ, मधूनमधून कुणीतरी तेल दिल्यासारखा. तिने कपाट लावून घेतलं, पट्टा दुहेरी केला, आणि मारला.

ढण्ण.

बाबांचं बोट हवेतच थांबलं. मग मान हळूहळू खांद्यांत गेली आणि डावा हात वर उठला, अर्ध्यावर, डोक्याकडे. ही बैठक तिच्या ओळखीची होती. आजवर ती बाहेरून कधी पाहिली नव्हती एवढंच.

तिने हात वर धरला. पट्ट्याच्या या टोकाला इतकी शांतता असते, हे तिला ठाऊक नव्हतं. घुम्या नव्हता, आई नव्हती, कुठे पाणी पडत नव्हतं. हात दुखत नव्हता, कापत नव्हता. खाली येईल की नाही हे तिने ठरवलं नव्हतं, आणि ठरवायचं बाकी आहे हेच आत कुठेतरी गोड लागत होतं. त्या गोडीची तिला शिसारी आली, तरी हात वरच राहिला. किल्ली अजून हलत होती. ती किल्लीकडे बघत राहिली. तिला घाई नव्हती.