सिनेटरची पाठ

डेल्मारचा सरदार तलवार उपसेपर्यंत राक्षस मेलेला असे. दर शनिवारच्या फाशांच्या खेळात हेच. व्हर्लिनच्या तळघरात तिघं टेबलाला बसत, मधे बिअर आणि चीज. व्हर्लिन नुसत्या तोंडाने गुहा, भुयारं आणि राक्षस उभे करी. डेल्मार चिलखतवाला सरदार होई आणि त्याची बायको मार्लिस चोर. खेळात चोराला एक खास सवलत होती: पाठीमागून खंजीर खुपसला की घाव तिप्पट. मार्लिस "मी मागे गेले" म्हणून फासा टाकायची आणि राक्षस आडवा.

"मी इथे फक्त चिलखत वाजवायला येतो," डेल्मार म्हणाला. "पुढच्या शनिवारपासून बोलिंगला जाणार. तिथल्या संघाला एक गडी कमी आहे."

"जा की. गाडी ठेवून जा," मार्लिस म्हणाली.

"गाडी एकच आहे, राणीसाहेब."

व्हर्लिनने मनात हिशोब केला. गाडी गेली की दोघंही गेली, आणि विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात त्याच्याशी खेळायला उरल्या फक्त गाई. त्याने उपाय कमी केले नव्हते. घाव दुप्पटीवर आणला, तर मार्लिस आठवडाभर बोलली नाही. राक्षसांना जास्त जीव दिला, तर डेल्मारच्या तलवारीने त्यांना गुदगुल्या होऊ लागल्या.

"पण काय गं," तो एकदम म्हणाला, "कुणाच्या मागे जाणं खरंच इतकं सोपं असतं का?"

"त्यात काय अवघड?"

"मग आमच्या सिनेटरच्या मागे जाऊन दाखव."

सिनेटर म्हणजे व्हर्लिनचा कोंबडा. त्याने एकदा गॅसचा टँकर थेट महामार्गापर्यंत पिटाळला होता, आणि कुत्रा अंगणात यायच्या आधी खिडकीतून त्याचा मूड बघून घ्यायचा.

मार्लिसने बूट काढले, खंजीर म्हणून लाकडी चमचा घेतला आणि गोठ्याच्या कडेने निघाली. शेपटीला चमचा लागला की जिंकली, असं ठरलं. पण कोंबड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. ती जिकडे वळे, तिकडे तोही वळे. थोड्याच वेळात मार्लिस ट्रॅक्टरच्या टपावर होती.

"चोरबाई, वारा कसा आहे वरती?" डेल्मार हसत हसत कुंपणाच्या आत आला. "आणि काय रे तुरेवाल्या, मत हवंय का माझं?"

सिनेटरला मत नको होतं, डेल्मारची नडगी हवी होती. डेल्मार एका पायावर नाचू लागला. मार्लिस टपावरून उतरली, शांतपणे चालत गेली आणि शेपटीवर चमचा टेकवला. सिनेटरला एवढा धक्का बसला, की दुसऱ्या दिवशी तो आरवलाच नाही. त्या दिवशी गावात सूर्य उगवायला नऊ वाजले, असं दूधवाले अजून शपथेवर सांगतात.

"सापडलं," व्हर्लिन म्हणाला. "शत्रूचं लक्ष दुसऱ्या कुणावर असेल, तरच तिप्पट. नाहीतर साधा घाव."

डेल्मार नडगी चोळायचा थांबला. "म्हणजे मी नसलो तर ही..."

"चमचा घेतलेली बाई."

"आणि हा नुसता ओरडणारा बाप्या," मार्लिस म्हणाली. पण घाव तिप्पट राहिला म्हणून ती खूश होती.

तळघरात परतल्यावर व्हर्लिनने एक धिप्पाड राक्षस उभा केला. डेल्मारच्या सरदाराने त्याच्या आईपासून शिव्यांना सुरुवात केली, मग बहिणी, मग त्याच्या पायांचा वास.

"आता जाऊ का मागे?" मार्लिसने फासा हातात खुळखुळवला.

"थांब गं, माझं संपलं नाही. आत्ता कुठे त्याच्या आत्यापर्यंत आलोय."

राक्षस पडला तेव्हा दोघंही टेबलावर हात आपटत होती. व्हर्लिनने भीत भीत विचारलं, "मग बोलिंगचं?"

"तिथे कुणी शिव्या देऊ देत नाही," डेल्मार म्हणाला आणि चीजचा तुकडा तोंडात टाकला.

मार्लिस मात्र फाशाकडे बघत राहिली होती. "राक्षसाला दोन डोकी असली तर? एक याच्याकडे बघेल, एक माझ्याकडे. मग?"

 

"शेजारच्या ऑर्व्हिलकडे एक कोंबडा आहे," डेल्मार विजार वर करून नडगी तपासत म्हणाला. "सिनेटरच्या जोडीला मागून आणायचा का?"