लादीतले मीठ

पाणी गोठते तेव्हा आपल्यात विरघळलेले सारे ते बाहेर लोटते. लोटलेल्याला वाट मिळाली नाही, तर ते बर्फाच्या कणांमधल्या सांध्यांत अडकते आणि तिथे न गोठता, द्रवरूपानेच राहते. लादी वरून अखंड दिसते. आत मात्र प्रत्येक कण शेजारच्या कणापासून एका ओल्या रेषेने विलग झालेला असतो. चिकलठाण्याच्या बर्फाच्या कारखान्यात अकरा वर्षे काढलेल्या त्रिंबकला हे कोणी शिकवले नव्हते. त्याला ते जिभेने कळले होते.

कारखान्यात मिठाच्या पाण्याचा मोठा हौद होता. ते पाणी स्वतः न गोठता अतिशय गार होई, आणि त्यात बुडवलेल्या पत्र्याच्या उभ्या डब्यांतले गोडे पाणी गोठवी. एखाद्या डब्याला गंजून सुईएवढे भोक पडले की हौदातले मीठ आत शिरे. अशी लादी दिसायला इतरांसारखीच पांढुरकी, पण निम्म्या वेळात ढासळणारी. म्हणून निघालेल्या प्रत्येक लादीला त्रिंबक जीभ टेकवून पाही. "मामा बर्फाचे मुके घेत्यात," असे सोबतीचा कडूबा म्हणे.

१९७४ च्या वैशाखात, एका गुरुवारी पहाटे, त्रिंबकची पत्नी मंजुळाबाई गेली. एकुलता एक मुलगा रामकिसन भिलाईच्या पोलाद कारखान्यात होता. सकाळी तार गेली. दुपारी उत्तर आले : निघालो आहे, आईचे तोंड पाहू द्या. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार होता. भाऊबंदांचे म्हणणे पडले की एवढ्या उन्हाळ्यात देह टिकायचा नाही, दिवस मावळायच्या आत माती द्यावी.

"मी बर्फ आणतो," त्रिंबक म्हणाला.

"बर्फ टिकंल तवर थांबू. पुढं नाय," मोठ्या चुलत्याने सांगितले.

त्रिंबक कारखान्यात गेला. कडूबाने त्या सकाळी निघालेल्या, अजून न तपासलेल्या दोन लाद्या भुशाखालून उघड्या करून दिल्या आणि तो वाट पाहत राहिला.

"मामा, जीभ नाय लावायची?"

"घरात मयत हाय. माती होईस्तोवर तोंडात काय घालायचं नसतं."

"मग मी बघू का?"

"तुला तंबाखूबिगर कशाची चव कळती रे?"

कडूबा ओशाळून हसला. त्रिंबकने डोळ्यांनी लाद्या पारखल्या, गोणपाटात गुंडाळल्या आणि हातगाडीवर घालून नेल्या. मंजुळाबाईला त्यांवर निजवले. बायका भोवती बसल्या. त्रिंबक उंबऱ्याजवळ बसून राहिला.

उन्हे कलली तेव्हा मंजुळाबाईची धाकटी बहीण सरूबाई बाहेर आली.

"दाजी, तुमच्या एका लादीत काय जीव राह्यला नाय."

त्याने आत जाऊन डोक्याखालच्या लादीवर अंगठा दाबला. ती फुटली नाही, सुटली. काडीसारखे उभे कण एकमेकांना सोडून गोणपाटावर निजले, आणि त्यांच्यामधून पाणी झिरपले. लादी ओढायच्या आकड्याने कापलेल्या त्याच्या बोटाला ते झोंबले. लादीत मीठ होते; चाखून पाहायची गरज उरली नाही.

बाहेर चुलता उठून उभा राहिला होता. "त्रिंबका, आता पोरासाठी बाईचे हाल नको."

"एक डाव जाऊन येतो. तवर हात लावू नका."

तो कारखान्यात पोचला तेव्हा सूर्य छपराच्या पत्र्याच्या कडेला टेकला होता. कडूबाने भुसा बाजूला केला. त्याच सकाळच्या सहा लाद्या, सगळ्या सारख्या. त्रिंबक त्यांच्यासमोर उभा राहिला. आपल्या आईच्या मयतीच्या दिवशी त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तेव्हा मंजुळाबाईनेच सारे घर तो नेम पाळते की नाही, यावर कडक नजर ठेवली होती. आज तिच्यासाठी तो नेम पाळणारा मात्र तो एकटाच होता.

तो गुडघ्यांवर बसला, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली आणि पहिल्या लादीला जीभ टेकवली. खारट. दुसरी खारट. तिसरी गोडी निघाली, पाचवीही. कडूबा सारा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"गाडी मी ढकलतो मामा," एवढेच तो म्हणाला.

त्या लाद्या टिकल्या. शुक्रवारी दुपारी रामकिसन पिशवीसकट आत शिरला, आईजवळ बसला आणि त्याने तिच्या गालावर हात ठेवला. बराच वेळ तो हात तसाच होता.

"लई गार हाय ओ, दादा."

"व्हय," त्रिंबक म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी माती झाली. मंडळी परतली तेव्हा दारात सरूबाई कडुनिंबाचा पाला घेऊन उभी होती. एकेकाने पाला चावून चूळ भरली. त्रिंबकची पाळी सर्वांत शेवटी आली.

"घ्या दाजी. कालपासून तोंडात काय नाय तुमच्या. अक्काचा नेम तुम्हीच पाळला."

त्याने पाला हातात घेतला. खरे ते सांगून टाकावे, असे त्याच्या मनात आले. ते ऐकून त्याला रागे भरेल आणि मग चहा टाकेल, असे माणूस आता घरात नव्हते. त्याने पाला तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिला.