सेव्हकाका

“यूपीएसच्या बॅटरीनेही मान टाकली,” नवी म्हणाली. काकांनी टॉर्च लावला.

लहान मुलांच्या वॉर्डातलं वीजपॅनेल बदलायचं होतं. म्हणून बाळांना तेवढ्यापुरतं शेजारच्या इमारतीत हलवून सकाळीच लाइन बंद केली होती. वॉर्डातली सगळी यंत्रं ज्याच्यातून एकमेकांशी बोलतात, तो नेटवर्कचा स्विच या खोलीतल्या कपाटात होता. काका या कपाटाचे जुने मालक, कागदावर नसले तरी. नवी त्यांच्या हाताखाली येऊन कित्येक वर्षं झाली, पण तिला अजून नवीच म्हणत.

स्विचची एक खोड असते. केलेला बदल तो लगेच पाळतो. पण सेव्ह केला नाही, तर वीज गेली की साफ विसरतो आणि पुन्हा सुरू होताना जुनीच फाइल वाचून कामाला लागतो. या एका खोडीवर काकांनी अख्खी नोकरी काढली. येता-जाता ज्याला त्याला विचारायचे, “सेव्ह केलंस?” एकदा तर भाजी चिरणाऱ्या बायकोलाही सवयीने विचारून बसले. हॉस्पिटलभर त्यांना सेव्हकाका म्हणत आणि ते नाव त्यांना मनातून आवडायचं. आपल्या हातून आजवर एकही फाइल गेली नाही, हे ते कुणीही न विचारता सांगत.

आणि आज त्या अंधारात त्यांना एकदम आठवलं. काल दुपारी त्यांनी स्विचमध्ये बदल करून वॉर्डातले नवे मॉनिटर त्याला जोडून दिले. तेवढ्यात वॉर्डाच्या सिस्टरनी फोन केला, “काका, दिसायला लागलं, या बघायला!” काका वर गेले, बाळांचे ठोके पडद्यावर बघून हरखले आणि तिथूनच थेट घरी गेले.

सेव्ह न करताच. संध्याकाळी बॅकअप आपोआप निघतो खरा, पण तोही सेव्ह केलेल्या फाइलचाच. म्हणजे तिथेही बोंब.

दिवे आले. स्विच घुरघुरू लागला. लगेच फोन वाजला.

“काका, आणू ना बाळांना? डॉक्टर घाई करतायत.”

दारात साहेब येऊन उभे राहिले होते. ‘जरा तपासतोय’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. काका सरळच बोलले.

“नका आणू, सिस्टर. काल माझं सेव्ह करायचं राहिलं. मॉनिटर दिसणार नाहीत.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुमचं? राहिलं?”

“केलंय ना, काका,” नवी म्हणाली. “काल निघताना चालू फाइल आणि बॅकअप ताडून बघितले. फरक दिसला. बदल तुमचा होता, बरोबर होता. सेव्ह करून टाकला आणि बॅकअप परत घेतला.”

“आणि मला बोलली नाहीस?”

“त्यात काय बोलायचं? राहतं कधी कधी.”

राहतं कधी कधी! काकांना ते चांगलंच झोंबलं. त्यांनी स्वतः हे वाक्य कधी कुणाला ऐकवलं नव्हतं. ज्याचं राहिलं त्याला ते फाडून खायचे.

“आधी दिसू दे,” ते गुरगुरले.

स्विचचे दिवे एकेक करून हिरवे झाले. फोनवर सिस्टरचा आवाज आला, “दिसतायत हो काका, सगळे दिसतायत! आणते बाळांना.”

काका स्टुलावर बसले. रोज निघताना ताडून बघ, असं तिला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. ते तिचं तिने सुरू केलं होतं. त्यांचा ऊर भरून आला.

“नशीब म्हणायचं,” साहेब म्हणाले.

“नशीब कसलं, साहेब? काम आहे ते हिचं!” काका कडाडले.

संध्याकाळी ते शीळ घालतच घरात शिरले.

“काय हो, आज भलतेच खुशीत?” बायकोने विचारलं.

“आज मी चुकलो. सेव्ह करायला विसरलो. साहेबांसमोर कबूल करावं लागलं.”

बायकोने ओले हात पुसले आणि त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

“अगं, ताप नाहीये मला,” काका हसत म्हणाले. “आमच्या पोरीने पकडलं. पकडलं, नीट केलं आणि मला बोललीसुद्धा नाही!”