डिस्कचा घट

"दिसली! दिसली!" बालाजीच्या फोटो स्टुडिओतून एकच गलका उठला आणि रस्त्यावरच्या बायकांनी जागच्या जागी हात जोडले. सगळं इस्लापूर तिथं लोटलं होतं. स्टेशनवरून थेट आलेल्या शिक्षिका सौदामिनीबाई गर्दीतून वाट काढत आत शिरल्या.

बालाजीचा जुना कॉम्प्युटर पाटावर मांडला होता. त्याला लाल कापड गुंडाळलेलं, वर झेंडूची माळ, शेजारी अखंड दिवा. काळ्या पडद्यावर नव्या हार्ड डिस्कचं नाव उमटलं होतं आणि सिद्धेश्वर महाराज राखेने माखलेला हात उंच करून उभे होते.

बालाजीची धाकटी बहीण पुनम पावसाळ्यात तापाने गेली. सौदामिनीबाईंच्याच शाळेतली, गोड गळ्याची पोर. तिची गाणी, तिचं हसणं-बोलणं भावाने या कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड केलं होतं, दुसरीकडे कुठेच नाही. त्यातली डिस्क टकटक करू लागली तेव्हा बाईंनीच मोठी नवी डिस्क आणून सगळं तिच्यात उतरवायला सांगितलं. बालाजीने ती नांदेडहून आणून जोडली, तर कॉम्प्युटर तिला ओळखेचना. बाई नेमक्या प्रशिक्षणाला निघाल्या होत्या. "मी येईपर्यंत हा बंद ठेव, अजिबात चालू करू नकोस," असं त्या चारचारदा बजावून गेल्या.

त्यांची पाठ वळली आणि महाराज अवतरले. "पोरीचा जीव ह्यात अडकला हाय, माय," त्यांनी पुनमच्या आईला, कस्तुराबाईला सांगितलं. "नव्या डिस्कला ती घरात घेईना. नवरात्र हाय, यंत्राचा घट बसवा. दिव्यावानी यंत्रबी इझू द्यायचं न्हाई." माहूरच्या रेणुकेचा हा मुलूख. घटाचा दिवा विझू द्यायचा नसतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. यंत्र कापडाखाली रात्रंदिवस घुरघुरत राहिलं.

आज घट उठला होता आणि महाराजांची वाणी जोरात होती. "आता ऐका लेकीचा आवाज!"

"बालाजी, थांब!" बाई ओरडल्या. पण त्याने पुनमच्या नावाची फाइल उघडलीही होती. आतून खरखर झाली, टकटक झाली, पडदा गोठला. बालाजीने यंत्र पुन्हा सुरू केलं. आता पडद्यावर नव्या डिस्कचं नाव होतं, जुनीचं नव्हतं.

महाराज एका क्षणात सावरले. "सुटली! जुनं घर सोडून नव्यात गेली पोर!"

"मंग लावा की तिचा आवाज," कस्तुराबाई म्हणाली.

"मोकळ्या झालेल्या जिवाला हाक मारू न्हाई, माय."

सौदामिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी वायर उपटली, कापड ओढून काढलं. जुनी डिस्क इतकी तापली होती की हात लावताच चटका बसला. मग त्यांनी नवी डिस्क उलटी करून पदराने राख पुसली. मागच्या सुयांवर नखाएवढं काळं टोपण बसवलेलं होतं.

"हे तू लावलंस, बालाजी?"

"न्हाई बाई. आज घट उठल्यावर म्हाराजांनी यंत्र बंद करून अंगारा लावला. तवा समद्यांना डोळे मिटाय लावले."

बाईंनी टोपण काढलं आणि यंत्र सुरू केलं. नवी डिस्क गायब. पुन्हा बंद करून टोपण बसवलं. डिस्क हजर. गर्दी टोपण पाहायला पुढे सरकली.

"नवी डिस्क भरभर बोलते, जुन्या यंत्राला ते उमगत नाही. या टोपणाने ती हळू बोलते, एवढंच. म्हाताऱ्या माणसाशी आपण सावकाश बोलतो ना, तसं. काय महाराज, कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता ना कुठे?"

महाराजांनी मान खाली घातली. पहिल्याच दिवशी हे टोपण लावलं असतं, तर सगळं उतरवून झालं असतं. पण मग घट कुठून बसला असता आणि महाराजांना कोणी विचारलं असतं!

"मंग पुनम कुटं हाय, बाई?" कस्तुराबाईने विचारलं.

"तिचा आवाज जुनीत होता, मावशी. आधीच मरायला टेकलेली डिस्क, तिला कापडात गुंडाळून अहोरात्र चालवली. तिथेच ती संपली."

"म्या राखलं यंत्र. डोळ्याला डोळा लावला न्हाई, बंद पडू नये म्हणून."

सौदामिनीबाई तिच्याजवळ खाली बसल्या. त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

शेवटची आशा म्हणून त्यांनी जुनी डिस्क नांदेडला नेली. तिथल्या जाणकाराने ती उघडून दाखवली. आतली तबकडी चऱ्यांनी भरली होती. काहीही परत मिळणार नव्हतं.

नवी डिस्क बालाजीच्या स्टुडिओत नीट चालते आहे. कुणी नव्या महाराजाचं कौतुक सांगत आलं की कस्तुराबाई त्याला बसवून घेते. "पाया पडायच्या आदी इचारा, बाबा हे कसं केलं ते दाव," ती म्हणते. "दावत नसंल तर उठून या. म्या इचारलं न्हाई."