सांगलीचा पहिला नंबर

"आवं बाई, माज्या आधी हितं कुत्रंबी आलं न्हाई. मग माजा नंबर एक्केचाळीस हजार तीनशे सात कसा?"

बिराप्पाने मातीची पिशवी टेबलावर आदळली. जतहून पहिल्या एसटीने तो विश्रामबागला आला होता. आमच्या माती तपासणी केंद्राच्या सांगली शाखेचा आज पहिला दिवस आणि हा पहिलाच शेतकरी. त्याला एक नंबर मिळायला हवा होता.

हा सगळा उद्योग माझाच होता. साताऱ्याच्या शाखेत मी एकोणीस वर्षं नुसत्या नोंदी भरल्या. डेटाबेस शिकले ते जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात. सांगलीसाठी पुण्याहून इंजिनिअर बोलवायचं चाललं होतं, तेव्हा मीच आगाऊपणे म्हणाले, "कशाला? साताऱ्याच्या कॉम्प्युटरमधली नोंदींची टेबलं आहेत की! त्यांची रिकामी नक्कल तशीच सांगलीत उतरवते."

मॅनेजर राजवर्धन हसला होता. "बघा हां, संयोगिताबाई. जमलं तर सांगलीची सिस्टिम तुमच्याकडं. न्हाई तर परत साताऱ्याला, एंट्रीला."

आता तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. "बारापर्यंत वाट बघतो. मग पुण्याला फोन लावतो."

टेबलं उघडून पाहिली. सगळे रकाने जागच्या जागी. मग हा नंबर आला कुठून? डोकं चालेना. तेवढ्यात साताऱ्याहून क्रांतीचा फोन आला. माझ्या जुन्या खुर्चीवर आता तीच बसते.

"ताई, लय घोळ झालाय! तीनशे सहा झाल्यावर एकदम तीनशे आठ पडला. सात गेला कुठं? आन मी तर सकाळीच सगळ्या पिशव्यांवर नंबर टाकून ठेवल्यात!"

सकाळीच शंभर रिकाम्या पिशव्यांवर मार्करने ओळीने नंबर टाकायचे, ही माझीच सवय, मीच क्रांतीला लावलेली. आता पुढची प्रत्येक पिशवी एकाने चुकणार. एकाच्या मातीचा अहवाल दुसऱ्याला जाणार आणि तो बिचारा त्यावर विसंबून खत टाकणार.

"क्रांती, हात थांबव. एकही पिशवी घेऊ नको."

हरवलेला सात माझ्यासमोर बसून चहा फुरकत होता!

आणि मला रहिमतपूरची आमची वाटणी आठवली. दिरांच्या चुली वेगळ्या झाल्या, गोठे वेगळे झाले, विहीर तेवढी एकच राहिली. एकाने मोटर लावली की दुसऱ्याच्या उसाला पाणी कमी. अगं बाई! मी सांगलीला घर दिलं आणि विहीर द्यायची विसरले.

नंबराच्या रकान्याची व्याख्या उघडली. तिथे लिहिलंच होतं, पुढचा नंबर साताऱ्याच्या काउंटरकडून, म्हणजे ओळीने नंबर मोजून देणाऱ्या प्रोग्रॅमकडून, घ्यावा. टेबल उतरवताना ती ओळही जशीच्या तशी आली होती.

सांगलीचा स्वतंत्र काउंटर तयार केला, एकपासून सुरू होणारा. त्या ओळीत साताऱ्याच्या जागी सांगली घातलं. बाकीची टेबलं तपासली, तर आणखी चारांची तीच गत. तीही सुधारली. बिराप्पाची चुकीची नोंद काढून नवी भरली आणि एंटर दाबलं.

प्रिंटरमधून चिठ्ठी आली. एक.

"हां! आता कसं!" बिराप्पाने चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. बारा वाजायला दहा मिनिटं होती. आनंदाने मला हसू आवरेना.

राजवर्धनने घसा खाकरला. "पुण्याला फोन नको म्हणायचा मग."

"करा की! सांगा, सांगलीनं स्वतःची विहीर काढली."

क्रांती अजून फोनवरच होती. "ताई, मग आमचा सात द्या की परत."

"काउंटर एकदा दिलेला नंबर परत घेत न्हाई गं. सातमधली माती आठच्या पिशवीत घाल आणि तिथनं पुढं चाल. सगळं जुळंल."

शनिवारी माझ्या जुन्या कपाटाची किल्ली परत द्यायला साताऱ्याला गेले. माझ्या जुन्या टेबलामागे भिंतीवरच्या खिळ्याला एक रिकामी पिशवी लटकत होती. ४१३०७.

"टाकून देऊ का?" क्रांतीने विचारलं.

मी ती काढली, माती झटकली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.