मी गळके नाही

मित्रांनो, मी एक जुने टाके आहे. बेनाल्फार गावच्या टेकडीवर जो किल्ला आहे, त्याच्या अंगणात, मोठ्या बुरुजाला पाठ लावून मी नऊशे वर्षे जमिनीत गळ्यापर्यंत रुतून बसले आहे. माझे फक्त तोंड वर दिसते. त्यावर लोखंडी झाकण आहे. किल्ला पाहायला येणारे लोक बुरुजाचे फोटो काढतात, माझे कोणी काढत नाही. मला त्याचे वाईट वाटत नाही. तहान लागल्यावर बुरुजाकडे कोणी वळत नाही, हे मी चांगले पाहिले आहे.

मला खलाफ नावाच्या मूर गवंड्याने बांधले. त्याने बुरूज बांधला तो माती आणि चुना धुमसाने ठोकून, पण माझ्यावर त्याने जास्त जीव लावला. आतून चुन्याचा गिलावा केला, त्यात तांबडी माती घोटली, वरून तेल दिले. मग त्याची बायको आणि दोन मुली नदीतले गुळगुळीत गोटे घेऊन आत उतरल्या आणि तीन आठवडे मला घासत राहिल्या. धाकटी सारखी कुरकुर करायची, पण कोपरे तिनेच सगळ्यांत चांगले घासले. अजूनही त्या कोपऱ्यांत हात फिरवलात तर गुळगुळीत लागतील.

शेवटच्या दिवशी खलाफने अंगणाच्या खालच्या कोपऱ्यात, दगडात मुठीएवढे भोक पाडले. सगळ्या अंगणाचा उतार त्या भोकाकडे होता. अंगणात पडलेला प्रत्येक थेंब तिथून माझ्या पोटात येणार, अशी ती योजना. "एवढी वाट कोणी अडवू नका," तो मुलींना म्हणाला, "बाकी हे आपलं आपण बघेल."

आणि मी आपले आपण पाहिले. किल्ला मूरांचा, म्हणजे तेव्हाच्या इथल्या मुसलमान राज्यकर्त्यांचा होता, तेव्हा मी मूरांना पाणी दिले. पुढे तो ख्रिस्ती सरदारांकडे गेला, तेव्हा त्यांनाही तेच पाणी दिले. एकदा चार महिने वेढा पडला होता. खालच्या सैन्याला वाटत होते, वरचे लोक आज ना उद्या पाण्यावाचून शरण येतील. शेवटी खालच्यांचीच विहीर आटली आणि ते निघून गेले. सरदाराने बुरुजावर झेंडा लावला आणि सैनिकांनी बुरुजाचा जयजयकार केला. असो.

नंतर सरदार गेले, मेंढपाळ आले. मेंढपाळांच्या शेळ्या माझ्या तोंडाशी बसून रवंथ करीत. मग गावात नळ आले आणि माझी गरज संपली. तरी मी भरलेले होते. कोणी प्यायला येत नसले तरी पाणी धरून ठेवायचे, हे माझे काम आहे.

आता किल्ल्याची किल्ली कासिल्दाकडे असते. तिच्याआधी ती तिच्या आईकडे होती. किल्ल्याच्या दारावर एक कागद डकवलेला आहे: 'किल्ली हवी असल्यास बेकरीसमोरच्या निळ्या दारावर थाप मारा.' लोक थाप मारतात. कासिल्दा हात पुसत बाहेर येते, वीतभर लांबीची लोखंडी किल्ली एप्रनच्या खिशात टाकते आणि गुडघ्यांना नावे ठेवत टेकडी चढते. सत्तरी ओलांडली आहे, पण चढताना अजून बोलणे थांबत नाही.

चार वर्षांपूर्वी एका पाहुण्या बाईच्या बुटाची टाच खलाफच्या भोकात अडकली. टाच मोडली. बाई पडली नाही, पण ओरडली भरपूर. गावचे सरपंच बाल्तासार हे नीटनेटके गृहस्थ. त्यांनी गावच्या गवंड्याला सांगितले, "ते भोक बुजवून टाक बाबा, उद्या कोणाचा पाय मोडायचा." गवंडी म्हणजे निकासिओ, कासिल्दाचा धाकटा भाऊ. त्याला ते भोक सांडपाण्याचे वाटले. त्याने त्यात सिमेंट भरले, वर सपाट दगड बसवला आणि काम इतके सफाईने केले की आठ दिवसांत ती जागा कुठे होती हे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्यात एक थेंब आला नाही. असलेले पाणी पाइप लावून बदामाच्या झाडांना दिले गेले आणि मी कोरडे पडले. चुन्याला ओल लागते. ओल नसली की त्याला बारीक चिरा पडतात, तशा मला पडल्या. एक गंमत मात्र झाली. माझ्या पोटात आवाज घुमू लागला. पाहुणे झाकण उघडून आत आपापली नावे ओरडत आणि मी ती परत देत असे. लोक हसत, टाळ्या वाजवत. नऊशे वर्षांत पहिल्यांदाच माझे कौतुक होत होते. खोटे कशाला सांगू, मी फुशारून गेले.

पण अंगणातले पाणी कुठेतरी जाणारच. ते बुरुजाच्या पायात जाऊ लागले. धुमसाची माती आधी काळी पडली, मग फुगली, मग एका बाजूने ढेकळे गळू लागली. शहरातून इनेस नावाची तरुण वास्तुविशारद आली. तिने भिंत तपासली, आत डोकावून माझ्या चिरा पाहिल्या आणि अहवाल लिहिला: टाके फुटले आहे, त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने बुरूज ढासळेल, टाके काँक्रीटने भरून टाकावे.

माझ्यावर नऊशे वर्षांत कोणी असा आळ घेतला नव्हता. मला राग आला. इतका राग आला की पोटात पाणी असते तर उकळले असते.

सरपंचांनी काम ठरवून टाकले. गावचा उत्सव झाला की सोमवारी काँक्रीटची गाडी येणार आणि मला भरण्याचे काम करणार निकासिओ. हे कळताच कासिल्दा तरातरा वर आली. निकासिओ माझ्या तोंडाचे माप घेत होता.

"लाज नाही वाटत?" ती म्हणाली.

"अगं ताई, मी आत उतरून पाहिलंय. तळाला चिरा आहेत. ते गळतंय."

"कोरडं टाकं गळतं कसं रे? गळायला आत काही आहे का?"

निकासिओने टेप गुंडाळली. "ते इनेसबाईंना विचार. शिकलेल्या आहेत त्या."

"मी तुलाच विचारतेय. या वर्षी उत्सवातल्या लुटुपुटीच्या लढाईत मूरांचा कप्तान तू ना? तुझं सैन्य दर वर्षी रिकाम्या हातांनी चढतं. या वेळी प्रत्येकाच्या हातात पाण्याचा डबा दे."

"डबा? पाचशे पायऱ्या? माझे मूर मला खाली ढकलून देतील!"

"देऊ देत. टाकं गळलं तर सोमवारी मी स्वतः तुला काँक्रीट कालवून देईन, आणि किल्लीही सरपंचांच्या टेबलावर ठेवीन."

हे ऐकून मी हादरले. त्या किल्लीशिवाय कासिल्दा म्हणजे काय, याची मला कल्पनाच करवेना. तिच्या आईने ती किल्ली शेवटच्या आजारातही उशाशी ठेवली होती.

बेनाल्फारच्या उत्सवात गाव दोन फौजांत वाटले जाते. शुक्रवारी मूर किल्ला जिंकतात, दोन दिवस तो त्यांच्याकडे असतो आणि रविवारी सकाळी ख्रिस्ती फौज तो परत घेते. त्या शुक्रवारी मूर आले ते ऑलिव्ह तेलाचे रिकामे डबे पाण्याने भरून. डोक्याला पागोटी, चिकटवलेल्या काळ्या दाढ्या, रेशमी झगे गुडघ्यापर्यंत ओले. तटावर ख्रिस्ती कप्तान म्हणून खुद्द सरपंच उभे होते, शिरस्त्राणावर लाल पिसे लावून.

"काय रे निकासिओ," ते वरून ओरडले, "किल्ला जिंकायला आलात की धुणं धुवायला?"

"आधी तुम्हालाच धुतो, खाली या!" निकासिओ धापा टाकत ओरडला. "आणि दार उघडा लवकर, माझे हात गळून पडले!"

त्या वर्षी लढाई झालीच नाही. सरपंचांनी हसत हसत किल्ला देऊन टाकला. एकेक डबा माझ्यात रिता झाला. चार वर्षांनी पाणी अंगाला लागले आणि मला रडू आले, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. पाणी नडगीपर्यंत चढले. इनेस शिडीने उतरली आणि पाण्याच्या कडेला कोळशाने रेघ मारली.

शनिवारी दुपारी झाकण उघडले. पाणी रेघेच्या दोन बोटे खाली होते.

निकासिओने बहिणीकडे पाहिले आणि दाढी खाजवली. सरपंच म्हणाले, "कासिल्दाबाई, तुम्ही प्रयत्न केलात. आता हट्ट पुरे."

मी ओरडत होते, मी गळत नाही, मी प्यायले! पण माझा आवाज कोणाला ऐकू येणार? आत कोणी ओरडल्याशिवाय मला बोलता येत नाही.

कासिल्दा मात्र जागची हलली नाही. "सरपंच, तुमच्या घरी मातीची नवी सुरई आणली की पहिल्या दिवशी काय होतं?"

"काय होतं?"

"निम्मं पाणी तीच पिऊन टाकते. म्हणून तुम्ही ती फोडून टाकता का? हे चार वर्षांचं तहानलेलं आहे. दोन बोटंच प्यायलंय. भल्या घरचं आहे म्हणून, नाहीतर सगळं संपवलं असतं."

लोक हसले. इनेस हसली नाही, ती विचार करू लागली. मग तिने दुसरी रेघ मारली, पाण्याच्या नव्या पातळीवर. "उद्या सकाळी बघू," ती म्हणाली. "उद्याही उतरलं तर मात्र अहवाल बदलणार नाही."

रविवारी सकाळी दोन्ही फौजा अंगणात जमल्या. मूर वरच होते, ख्रिस्ती फौज किल्ला घ्यायला आली होती, पण तलवारी बाजूला ठेवून सगळे माझ्या तोंडाभोवती वाकले होते. इनेस खाली उतरली. तिने पाण्यात पट्टी धरली, पुन्हा धरली. मग वर तोंड करून म्हणाली, "केसभरही नाही. चुना भिजला तशा चिरा मिटल्या. टाकं गळत नाही. माझी चूक झाली."

कासिल्दाने डोळे पुसले आणि लगेच ते कोणी पाहिले तर नाही ना, हे पाहिले. मला तर वाटले, आता तरी बुरुजाने खाली वाकून माझी माफी मागावी.

"पण मग बुरूज ओला कशानं होतो?" इनेस शिडी चढत म्हणाली. "पाणी कुठून तरी येतंय."

"पूर्वी अंगणातलं पाणी टाक्यात जायचं," कासिल्दा म्हणाली. "आमची आई सांगायची, इथं कुठंतरी भोक होतं. आता दिसत नाही."

सगळे खाली पाहू लागले. कोणालाच काही दिसेना. निकासिओचे काम इतके सफाईदार होते. तो गप्प राहिला असता तर कोणाला कळलेही नसते. गावात गवंडी तो एकच, आणि गवंड्याचे नाव त्याच्या कामावर टिकते. त्याने अर्धी निघालेली दाढी ओढून काढली.

"भोक मी बुजवलंय," तो म्हणाला. "सांडपाण्याचं समजून. बुरूज माझ्यामुळं फुगलाय, टाक्यामुळं नाही."

सरपंचांनी शिरस्त्राण काढले, त्यावरची पिसे नीट केली आणि म्हणाले, "बुजवायला मी सांगितलं होतं." मग फौजेकडे वळून, "छिन्नी आणा कोणीतरी."

छिन्नी कुठली? दोनशे सैनिक, पण तलवारी लाकडाच्या आणि भाले पुठ्ठ्याचे. लोखंड म्हणून कोणाजवळ काही नव्हते. तेव्हा कासिल्दाने एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि भावाच्या हातावर ठेवली.

"वाकेल, ताई," तो म्हणाला.

"वाकू दे."

रेशमी झगा खोचून निकासिओ गुडघ्यांवर बसला. किल्लीचे टोक दगडाच्या सांध्यात घालून तो वरून धोंड्याने ठोकू लागला. सपाट दगड निघाला, मग सिमेंटचा एकेक तुकडा. भोक मोकळे झाले तेव्हा त्याने त्यात हात घातला. बराच वेळ तो हात तिथेच ठेवून होता. त्या दिवशी ख्रिस्ती फौजेला किल्ला परत घ्यायला दुपार झाली.

शरदात वादळ आले आणि खलाफच्या वाटेने पाणी धो धो आत आले. हिवाळा संपेपर्यंत मी छातीपर्यंत भरले. बुरूज सुकला. निकासिओने धुमस घेऊन त्याची पडलेली बाजू माती-चुन्याने भरून दिली, सिमेंटला हातही लावला नाही. वाकलेली किल्ली त्याने ठोकून सरळ केली, तरी दार आता दोनदा हिसडा दिल्याशिवाय उघडत नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी एखाद्या गडावर जाल. तिथे माझ्यासारखे कोणी असेल तर त्यात बाटल्या टाकू नका, आणि त्याला फुटके म्हणण्याआधी त्याची पाण्याची वाट कोणी अडवली आहे का, ते जरा शोधा.

मागच्या आठवड्यात एक जोडपे किल्ला पाहायला आले. इथे आवाज घुमतो, असे त्यांनी कुठेतरी वाचले होते. त्यांनी झाकण उघडले आणि आत आपली नावे ओरडली. मी काहीच परत दिले नाही. पुन्हा ओरडले. मी गप्प.

"अहो बाई," तो माणूस हिरमुसून म्हणाला, "तुमचं टाकं बिघडलंय का?"

"बिघडलं होतं तेव्हा बडबडायचं," कासिल्दा म्हणाली. "आता पोट भरलंय त्याचं."

आणि तिने जिरॅनियमच्या कुंड्यांसाठी माझ्यात बादली सोडली.