बुलबुलने भरवलेली बेल

मित्रांनो, मी दारावरची एक बेल आहे. जुनी, पिवळट पडलेली, आणि आता न वाजणारी. वाजत होते तेव्हाही मी कधी टणटणले नाही. बटण दाबलं की माझ्या पोटातून पाखरांचा चिवचिवाट यायचा. तो कुठल्या पाखरांचा, कुणी आणि कधी धरून माझ्यात भरला, हे मला ठाऊक नाही. ती पाखरं केव्हाच मेली असतील. त्यांचा आवाज मात्र माझ्यापाशी राहिला.

बंडोपंतांनी मला पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून विकत आणलं. ते मूळचे बार्शीचे. नोकरीपायी इकडे आले आणि सूसला एका सोसायटीत स्थिरावले. तिथले माझे दिवस फार छान गेले. शेजारची मुलं उगाच बटण दाबून पळायची. बंडोपंतांच्या पत्नी आशालताबाई कणकेच्या हातानं दार उघडायच्या, जिन्यात कुणी नाही हे बघून हसायच्या. "आवाज किती गोड आहे हो तुमच्या बेलचा," असं पाहुणे म्हणायचे. पुढे कॅमेऱ्याची नवी बेल आली आणि मी माळ्यावरच्या खोक्यात जाऊन पडले. कितीतरी वर्षं कुणाला माझी आठवणही झाली नाही.

बंडोपंत निवृत्त झाल्यावर दोघं रिहे या खेड्यात राहायला आली. भातखाचरांच्या कडेला त्यांनी छोटं बैठं घर बांधलं. मागच्या अंगणात कढीपत्ता लावला, मागच्या दारावर मधुमालतीचा वेल चढवला. शेळ्या राखणाऱ्या अंबाबाई दुपारी त्या दारी यायच्या. आशालताबाई त्यांना शेळ्यांसाठी भाजीची देठं-सालं द्यायच्या आणि दोघी पायरीवर बसून चहा घ्यायच्या. पण अंबाबाईंची हाक आत ऐकू जात नसे. म्हणून बंडोपंतांना मी आठवले. त्यांनी मला पुसलं आणि मागच्या दाराबाहेर, पत्र्याखाली, अगदी वेलाला लागून ठोकलं.

उन्हाळ्यात त्या वेलात बुलबुलांच्या जोडीनं घरटं केलं. काळी शेंडी, शेपटीखाली लाल ठिपका. घरटं माझ्या इतकं जवळ होतं की वाऱ्यानं वेल हलला की त्याच्या काड्या माझ्या अंगाला घासायच्या. अंड्यांतून तीन पिल्लं निघाली. उघडी, डोळे मिटलेली, जांभळट कातडीची. ती दिसायला सुंदर नव्हती.

एका दुपारी अंबाबाईंनी बटण दाबलं. मी चिवचिवले आणि घरट्यातल्या तीन माना थरथरत वर आल्या. तीन चोची चिवचिवत माझ्याकडे उघडल्या. मित्रांनो, आजवर माझ्या आवाजानं दारं उघडली होती. त्या आवाजाला आवाजानं उत्तर देणारं मात्र कुणी भेटलं नव्हतं.

आशालताबाईंनी ते दारातून पाहिलं आणि तोंडावर हात धरला. त्या दिवसापासून त्यांनी मागचं दार बंद केलं. कपड्यांची दोरी पुढे नेली. "अंबाबाई, पिल्लं उडेपर्यंत पुढच्या दारानं याल ना?"

"पाखरापायी मान्सांनी वळसा घालायचा व्हय?" अंबाबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या वळसा घालूनच आल्या.

आशालताबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून राहायच्या. आईनं अळी आणली, बापानं नाकतोडा आणला, सगळं बंडोपंतांना सांगायच्या. पिल्लांना पिसांचे कोंब फुटले तेव्हा त्यांनी शिरा केला.

एका सकाळी कुंपणाशी भारद्वाज आला. विटकरी पंखांचा, गुंजेसारख्या लालभडक डोळ्यांचा. बंडोपंत आनंदानं ओरडले, "आशा, लवकर ये! भारद्वाज! दर्शन घे, दिवस चांगला जाणार."

आशालताबाईंनी पदर सावरून हात जोडले. तो मात्र त्यांच्याकडे बघत नव्हता. तो वेलाकडे बघत होता. पाय न वाजवता तो कुंपणाकडेनं चालत गेला आणि दिसेनासा झाला.

टळटळीत दुपारी, दोघं आडवी झाली असताना, कुठूनसा त्याचा आवाज आला. हूप, हूप, हूप. जमिनीखालून यावा तसा. मग वेल हलला. वारा नव्हता, तरी हलला. आईबाप त्याच्या डोक्याभोवती किंचाळत फिरत होते. तो शांतपणे एकेक पाऊल वर चढत होता. आशालताबाई धावत आल्या, त्यांनी दार उघडलं, टाळ्या वाजवल्या. तोवर तो शेवटचं पिल्लू चोचीत घेऊन खाली उतरला होता. त्यानं मान वळवून त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि उडाला.

त्या रात्री आशालताबाई जेवल्या नाहीत. "अगं, निसर्ग आहे हा," बंडोपंत म्हणाले. "त्यालाही पिल्लं असतील."

"माहीत आहे मला. माहीत असलं म्हणजे रडू येत नाही का?" आणि थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "मी हात जोडले हो त्याला."

सकाळी बुलबुलची आई अळी घेऊन आली. रिकाम्या घरट्याच्या काठावर बसली, आत वाकली, वाट पाहिली, पुन्हा वाकली. मग अळी घेऊनच निघून गेली. पुढचे काही दिवस ती तशीच येत राहिली.

आता वळसा घालायचं कारण उरलं नाही, म्हणून अंबाबाई मागच्या दारी आल्या आणि त्यांनी बटण दाबलं. मी चिवचिवले. त्याच क्षणी बुलबुलची आई बाणासारखी आली, माझ्यासमोर पंख फडफडवत राहिली आणि तिनं चोचीतला नाकतोडा माझ्या जाळीत खुपसला.

अंबाबाईंच्या हातातली पाटी खाली पडली. दार उघडणाऱ्या आशालताबाईंना त्या म्हणाल्या, "बाई, ह्या घंटीत काय तरी शिरलंय! काढून टाका ती. लई वंगाळ हाय हे."

आशालताबाई पुढे वाकल्या. त्या माझ्या जाळीत हलणाऱ्या नाकतोड्याच्या पायाकडे बघत होत्या.

दुसऱ्या दुपारी त्यांनी स्वतः बाहेर येऊन बटण दाबलं. ती आली. तिनं मला भरवलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. पुढे रोज. मला गिळता येत नाही, मित्रांनो. अळ्या माझ्या जाळीत वाळत गेल्या, मुंग्यांची रांग लागली, पोटातून कुबट वास येऊ लागला. तरी बटण दाबलं की मी पिल्लांसारखी भूक भूक करायची आणि ती आणखी आणायची.

एकदा बंडोपंत झोपेतून उठून आले. "कोण आलंय?"

आशालताबाई स्वतःच्याच दाराबाहेर, बटणावर बोट ठेवून उभ्या होत्या. "कोणी नाही," त्या म्हणाल्या. "बघा ना, तिला वाटतंय अजून आहेत."

"आशा, आत चल."

"तिला वाटतंय तोवर आहेतच ना हो?"

बंडोपंतांनी आशालताबाईंचा हात धरला. तो उन्हातही गार होता.

मग एके दुपारी वीज गेली. आशालताबाईंनी बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. मी मुकी होते. तरी ती आली. माझ्या जाळीशी चोच लावून, मान वाकडी करून ती थांबून राहिली. आतून काही ऐकू येईना. ती हलेना. आशालताबाई इतक्या जवळ उभ्या असूनही तिला भीती वाटेना.

तेवढ्यात कढीपत्त्यावर तिचा नर येऊन बसला. त्याच्या चोचीत वाळकी काडी होती. त्यानं काडी फांदीवर ठेवून हाक मारली. ती वळली नाही. त्यानं काडी पुन्हा उचलली, बेचक्यात घालून पाहिली, ती खाली पडली. दुसरी आणली. पुन्हा हाक मारली. घरटं नव्यानं बांधायचं होतं, पाऊस तोंडावर आला होता, आणि ती इथे माझ्या जाळीशी उभी होती.

आशालताबाईंनी बटणावरचं बोट हळूच उचललं. "अहो," त्यांनी आत हाक मारली. "पेचकस घेऊन या. हिच्या तारा काढा."

बंडोपंत स्टूल घेऊन आले. "पावसाळ्यानंतर जोडीन परत."

"नको. कधीच नको."

तारा सुटल्या तेव्हा मला दुखलं नाही. फक्त आतला तो जुना आवाज कुठेतरी खोल गेला आणि वर येईनासा झाला. आशालताबाईंनी जुन्या ब्रशनं माझ्या जाळीतल्या वाळक्या अळ्या काढल्या, तळहातावर घेतल्या आणि वेलाच्या मुळाशी पुरल्या. तेव्हा त्या मोठ्यानं रडल्या. एवढे दिवस त्या तशा रडल्याच नव्हत्या.

बुलबुलची आई आणखी दोनदा येऊन गेली. मग आली नाही. जोडी पलीकडच्या रोपांच्या नर्सरीच्या बाजूला काड्या नेताना दिसते, असं अंबाबाईंनी सांगितलं. "दावते, चला." आशालताबाई गेल्या नाहीत. "नको. मी बघितलं नाही तरी चालेल," म्हणाल्या.

मित्रांनो, घरटं दिसलं तर लांबून बघा आणि मागे फिरा. पाखरांना त्यांच्या आवाजात हाका मारू नका. ती खरं समजून येतात. आणि घरातलं कुणी एवढ्याशा पाखरासाठी रडलं, तर "पाखरूच होतं ना" असं त्याला म्हणू नका.

मी अजून मागच्या दारावर आहे. कधीकधी सुनसान दुपारी आशालताबाई झोपेतून ताडकन उठतात, "आले, आले," म्हणत येतात आणि दार उघडतात. बाहेर ऊन असतं, वेल असतो. माझ्या तारा सुटलेल्या आहेत, मी वाजलेली नसते, हे मी तुम्हांला शपथेवर सांगते. पण त्यांनी काहीतरी ऐकलेलं असतं. मग बंडोपंतही उठून येतात, काही न विचारता त्यांच्या शेजारी उंबऱ्यात उभे राहतात, आणि ती दोघं बराच वेळ दार उघडंच ठेवतात.